दहावी-बारावी लवकर पूर्ण करायची आहे? मुक्त विद्यालयाकडे वळण्याआधी हे वाचा

"मुलगी आठवीत आहे, पण नववी-दहावीचं गणित आत्ताच सोडवते. एनआयओएसमधून दहावी आणि बारावी पटापट उरकून टाकता येईल ना?" हा प्रश्न आता बऱ्याच घरांत विचारला जातो. एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, जिथे रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. कुणाचा मुलगा बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी अर्धं वर्ष फिरतीवर असतो, कुणाची मुलगी दिवसाचे पाच-सहा तास नृत्याला देते, कुणाला शाळेचा वेगच पुरत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर अर्धं 'हो' आणि अर्धं 'नाही' असं आहे, आणि ही विभागणी नीट न समजता शाळेतून दाखला काढणाऱ्यांचे हाल होतात.

उत्तर असं: वर्ष वाचतं ते दहावीला. बारावीला नाही. दहावी आणि बारावी उत्तीर्ण होण्यात दोन वर्षांचं अंतर असावं लागतं आणि मुक्त विद्यालयातही हा नियम चुकत नाही. त्यामुळे 'दोन वर्षांत दहावी-बारावी दोन्ही' अशी जाहिरात कुणी केली तर तिथून शांतपणे उठा. खरोखर हाती लागतं ते साधारण एक वर्ष. त्या एका वर्षासाठी ही खटपट करायची की नाही, हे ठरवायला पुढची माहिती उपयोगी पडेल.

पायरी १: वयाचा हिशोब कागदावर मांडा

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान, म्हणजे सगळे ज्याला एनआयओएस म्हणतात ते, १९७९ साली सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं. १९८९ मध्ये त्याची स्वायत्त संस्था झाली आणि २००२ पासून आजचं नाव आलं. हे केंद्र सरकारचं मंडळ आहे आणि त्याची दहावी-बारावी सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या बरोबरीची मानली जाते. इथे दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ पूर्ण लागतं आणि बारावीसाठी १५. वरची मर्यादा नाही.

परीक्षा वर्षातून दोनदा होते: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलच्या परीक्षेसाठी ज्या गटात प्रवेश घेतात, तिथे वय आदल्या वर्षीच्या ३१ जुलैला मोजतात. ऑक्टोबरच्या गटासाठी ते ३१ जानेवारीला मोजतात. सगळा खेळ या दोन तारखांवर आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू.

समजा मुलाचा जन्म मे २०१२ चा आहे. जून २०१८ मध्ये तो पहिलीत गेला. नेहमीच्या वाटेने त्याची दहावी मार्च २०२८ मध्ये येते. मे २०२६ मध्ये त्याला १४ पूर्ण होतात आणि त्याच सुमारास आठवीही संपते. ३१ जुलै २०२६ ला तो वयात बसतो, म्हणजे एप्रिल २०२७ ची परीक्षा त्याला देता येते. त्याने नववीचं वर्ष शाळेत न घालवता थेट दहावीचा अभ्यास केला आणि एक वर्ष वाचवलं.

आता त्याच वर्गातली डिसेंबर २०१२ मध्ये जन्मलेली मुलगी घ्या. ३१ जुलै २०२६ ला तिला १४ पूर्ण नाहीत. तिला ३१ जानेवारी २०२७ ची मर्यादा लागू होते, म्हणजे परीक्षा ऑक्टोबर २०२७ मध्ये. कागदावर पाच महिने वाचले. पण निकाल लागेपर्यंत अकरावीचे प्रवेश कधीच संपलेले असतात. ती जून २०२८ मध्येच अकरावीत जाणार, आपल्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबरच. अशा मुलीला निव्वळ वर्ष वाचवण्यासाठी शाळेतून काढण्यात काहीच हशील नाही. वेळेची मोकळीक हवी असेल तर गोष्ट वेगळी.

याशिवाय 'ऑन डिमांड' परीक्षेची सोय आहे. तिथे ठरलेल्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही, एकेका विषयाची तारीख आपण निवडतो. वयाची अट मात्र तीच, केंद्रं मोजकी, आणि सगळे विषय त्यात मिळतीलच असं नाही. ज्याचा अभ्यास पक्का झालेला आहे आणि ज्याला एखाददुसरा विषय सोडवून मोकळं व्हायचं आहे, त्याला ही सोय उत्तम. पहिल्यांदाच बोर्डाची परीक्षा देणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाला मी शक्यतो एप्रिलच्या सार्वजनिक परीक्षेलाच बसवायला सांगेन. तारीख पुढे ढकलता येते म्हटलं की ती ढकललीच जाते.

पायरी २: वाचलेल्या वर्षाचं काय करणार, ते आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे.

लवकर बारावी झालं म्हणून पुढची सगळी दारं लवकर उघडत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशाला साडेसोळा ते साडेएकोणीस ही वयोमर्यादा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला २१ वर्षांशिवाय बसता येत नाही, मग पदवी कितीही लवकर मिळो. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेला वयाची अट नाही, पण तिथे स्पर्धा तयारीची आहे. एक वर्ष कमी वयाच्या मुलाला एक वर्ष कमी सराव मिळाला असेल तर वाचवलेलं वर्ष तो पुन्हा परीक्षा देण्यात घालवतो.

म्हणून मुलाबरोबर बसून एका कागदावर लिहा: हे वर्ष कशासाठी हवं आहे? उत्तर ठोस असलं पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धेची तयारी, ऑलिंपियाड, आजारपणातून सावरणं, एखादी कला पूर्णवेळ शिकणं, डिप्लोमाला लवकर लागणं, ही उत्तरं पटण्यासारखी आहेत. 'इतरांच्या पुढे राहील' हे उत्तर नाही. आणि मूल शाळेत रडत असेल, कुणी त्रास देत असेल, अभ्यासाचं ओझं झेपत नसेल, तर लवकर संपवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा मुलाला उलट जास्त वेळ लागणार आहे. तो वेळ मुक्त विद्यालयात मिळतोही, कारण प्रवेश पाच वर्षं टिकतो आणि परीक्षेच्या नऊ संधी असतात. पण मग ध्येय 'लवकर' हे नसून 'निवांत' हे आहे, आणि दोन्हींची आखणी वेगळी होते.

क्लासवाल्यांच्या सांगण्यावरून आठवीनंतर मुलाला शाळेतून काढून जेईईच्या वर्गात बसवणं मला मनापासून अयोग्य वाटतं. १४ व्या वर्षी त्याने गणित सोडून बाकी सगळ्याला रामराम का करावा?

मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला होता, ती बातमी अजूनही पालकांच्या ग्रुपमध्ये फिरते. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हा त्या बातमीचा खरा गाभा. आपल्या आयआयटीत तिला बारावीशिवाय जागा नव्हती. भारतात पुढे शिकायचं तर प्रमाणपत्र लागतंच, असं धरून चाला.

पायरी ३: कुठली वाट कुणासाठी

एनआयओएस ही मुख्य वाट, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्या वाटांची थोडक्यात ओळख करून घ्या, म्हणजे कुणी काही सुचवलं तर गोंधळ होणार नाही.

'सतरा नंबरचा फॉर्म' हे नाव महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून बसण्याची ती सोय आहे. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी, लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या बायकांसाठी तिचा मोठा आधार आहे. चालू शाळेतल्या मुलाचं वर्ष वाचवण्यासाठी ती केलेली नाही. बारावीला इथेही दहावीनंतरची दोन वर्षं मोजतातच.

महाराष्ट्राचं स्वतःचं राज्य मुक्त विद्यालय मंडळही २०१७ पासून आहे. पाचवी आणि आठवीच्या पातळीपासून तिथे परीक्षा होतात. शाळेत कधी गेलेलंच नाही अशा मुलाला किंवा खेळाडूला ते सोयीचं पडतं.

केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या पातळीची) आणि ए लेव्हल (बारावीच्या पातळीची) खासगी विद्यार्थी म्हणून देता येतात. खर्च पुष्कळ आहे. परदेशी मंडळाच्या परीक्षेला भारतात समकक्षता, म्हणजे इथल्या परीक्षेच्या बरोबरीची मान्यता, लागते आणि ती भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, देतो. किती विषय, कुठले विषय, किती वर्षांचं शिक्षण, हे त्यांचे निकष आधी वाचूनच विषय घ्या. परदेशी परीक्षा झाल्यावर समकक्षता शोधत फिरणं फार क्लेशाचं असतं.

आणि एक वाट, जिचा विचार शहरातले पालक पटकन करत नाहीत: दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. इथे बारावीच लागत नाही, त्यामुळे दोन वर्षांच्या अंतराचा प्रश्नही येत नाही. आपल्या उदाहरणातला मे २०१२ चा मुलगा २०२७ मध्ये डिप्लोमाला लागला तर २०३० मध्ये, १८ व्या वर्षी, त्याच्या हातात डिप्लोमा असेल आणि २०३३ मध्ये पदवी. बारावीच्या वाटेनेही त्याची पदवी २०३३ मध्येच होते. पण मध्ये कुठे अडलं तर डिप्लोमावाल्याकडे नोकरीचं एक साधन असतं. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला ही वाट नक्की दाखवा.

पायरी ४: मंडळ खरं आहे ना, हे तपासा

'घरबसल्या दहावी, पास होण्याची हमी' असे फलक लावणारी बनावट मंडळं आहेत. नावं भारदस्त असतात, 'राष्ट्रीय', 'केंद्रीय', 'दिल्ली' असे शब्द त्यात हमखास असतात. मान्यताप्राप्त मंडळांची यादी कोब्से ही मंडळांची परिषद ठेवते, त्यात नाव आहे का ते पाहा. एनआयओएसचा अर्ज त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तुम्ही स्वतः भरू शकता. एजंटला दहा-वीस हजार देण्याचं काहीही कारण नाही. अधिकृत प्रवेश शुल्क त्याच्या काही हिश्शात भागतं, आणि मुली, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलतही आहे. चालू वर्षाचे आकडे प्रवेश पुस्तिकेत छापलेले असतात.

पायरी ५: विषय निवडणं

प्रमाणपत्रासाठी पाच विषय लागतात. त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. हवे असतील तर आणखी दोन विषय जोडून सातपर्यंत जाता येतं. यादी मोठी आणि मोहक आहे: गृहविज्ञान, मानसशास्त्र, चित्रकला, डेटा एन्ट्री, भारतीय संस्कृती आणि वारसा. दहावीला मराठी हा विषय म्हणून घेता येतो आणि मराठी माध्यमातही परीक्षा देता येते. बारावीला मात्र कुठला विषय कुठल्या माध्यमात आहे ते पुस्तिकेत पाहूनच ठरवा.

मोह नेमका इथे होतो. दहावीला गणित किंवा विज्ञान सोडता येतं, आणि चित्रकलेत रमणारं मूल म्हणतं, सोडूया की! १४ वर्षांच्या मुलाने आयुष्यभरासाठी गणित सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. गणित आणि विज्ञान नसलेल्या दहावीवर विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निक दोन्ही अवघड होऊन बसतात. कलाकार किंवा खेळाडू असलं तरी इंग्रजी, गणित, विज्ञान हे तीन धरा, चौथं मराठी घ्या आणि पाचवा विषय मुलाला मनापासून आवडेल तो घेऊ द्या. त्या पाचव्या विषयावरून घरात वाद घालू नका.

बारावीला विज्ञानासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्र, एक भाषा आणि आणखी एक विषय, अशी पाचाची बांधणी करा. जेईईसाठी एनआयओएसची बारावी चालते, पण किमान पाच विषय ही अट तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. मुक्त विद्यालयाच्या मुलांना 'नीट' परीक्षा देता येईल का, हा वाद बराच काळ चालला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्यावरची बंदी रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न मुलांच्या बाजूने मिटला.

पायरी ६: अर्ज आणि कागदपत्रं

एप्रिलच्या परीक्षेसाठीचा प्रवेश साधारण मार्चच्या मध्याला उघडतो आणि पावसाळ्यापर्यंत चालतो. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठीचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. नंतर विलंब शुल्क लागतं. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका, तेव्हा संकेतस्थळ रखडतं.

दहावीच्या प्रवेशाला आठवी पास असल्याचा दाखला चालतो. तो नसेल तर 'दहावीचा अभ्यास करण्याइतकं मी शिकलो आहे' असं स्वयंघोषणापत्र देऊनही प्रवेश मिळतो. घरीच शिकलेल्या मुलांना याचा मोठा उपयोग होतो. सोबत जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही.

आता जरा बारकाईने बघा. जन्मदाखल्यावर 'सुनीता', आधारवर इंग्रजीतून एक 'ई' जास्त, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, तर आधारवर आडनाव आधी. घरात कुणाला यात काही वावगं वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. संगणकाला ते माहीत नसतं. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख या चार ओळी अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा. हे काम जूनमध्ये सुरू केलं तर उशीर होतो. आठवीची दिवाळीची सुट्टी त्यासाठी चांगली.

अर्जात अभ्यास केंद्र निवडावं लागतं. घराजवळचं केंद्र हा एक निकष झाला, पण आधी तिथे जाऊन या. संपर्क वर्ग खरंच होतात का, प्रात्यक्षिकांसाठी प्रयोगशाळा दाखवतात का, फोन उचलतात का, हे पाहा. काही केंद्रं चांगली असतात, तिथले शिक्षक मुलांची आवर्जून चौकशी करतात. काही केंद्रांत फक्त कुलूप भेटतं. अधिकृत शुल्काच्या वर कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

पायरी ७: शाळेचा दाखला कधी काढायचा

प्रवेश निश्चित होऊन प्रवेश क्रमांक आणि ओळखपत्र हातात येईपर्यंत दाखला काढू नका. अर्ज भरला म्हणजे प्रवेश झाला असं नसतं. कागदपत्रं तपासताना त्रुटी निघतात, वय एका आठवड्याने कमी पडतं. दरम्यान शाळा सुटलेली असेल तर मूल ना इथलं ना तिथलं.

मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि मोकळेपणाने सांगा. बऱ्याच शाळा समजून घेतात. काही जण तर असंही सुचवतात की खेळाच्या कारणासाठी हजेरीत सवलत देऊ, शाळा सोडू नका. असा प्रस्ताव आला तर तो गांभीर्याने घ्या, एक वर्ष वाचवण्यापेक्षा तो कदाचित सरस ठरेल. एकाच वेळी दोन मंडळांत दहावीला नाव ठेवण्याचा विचारही करू नका.

पायरी ८: अभ्यासाचं वर्ष

नववीचा पाया न भरता दहावी द्यायची आहे, हे विसरू नका. एनआयओएसची पुस्तकं स्वतःच वाचून समजतील अशा बेताने लिहिलेली असतात, प्रत्येक धड्यात मध्ये मध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न असतात. ती घरी येतात, आणि संकेतस्थळावर फुकटही मिळतात. म्हणून प्रवेशाच्या आधीच, आठवीच्या उन्हाळ्यात, विज्ञानाचे पहिले चार धडे उतरवून घ्या आणि मुलाला एकट्याने वाचू द्या. दोन आठवड्यांत तुम्हाला कळेल की हे त्याला झेपतं की नाही. यापेक्षा खात्रीची चाचणी मला माहीत नाही.

पुढचे महिने साधारण असे विभागा: दिवाळीपर्यंत गणित आणि विज्ञान, कारण नववीचं अंतर तिथेच भरायचं असतं. दिवाळी ते जानेवारी भाषा आणि पाचवा विषय. जानेवारीनंतर फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. शाळेत जाणाऱ्या मुलाला चाचण्या, सहामाही, सराव परीक्षा यांतून तीन तास बसून लिहिण्याची सवय लागते. घरी शिकणाऱ्याला ती कुणी लावत नाही. येणारं उत्तर वेळेत लिहून न होणं, इथे मुलांचे सगळ्यांत जास्त गुण जातात.

मग टीएमए, म्हणजे शिक्षकाने तपासायचा स्वाध्याय. त्याला एकूण गुणांत २० टक्के वाटा आहे. अभ्यासक्रमातले काही धडे टीएमएसाठी आणि बाकीचे लेखी परीक्षेसाठी असे वेगळे केलेले आहेत, ती विभागणी आधी पाहून घ्या. नाहीतर जे परीक्षेत येणारच नाही ते पाठ होतं. टीएमए हाताने लिहून, स्कॅन करून, स्वतःच्या लॉगिनमधून ठरलेल्या तारखेच्या आत चढवावा लागतो. पानाची सावली पडलेले, अर्धी ओळ कापली गेलेले फोटो चढवू नका. दुसऱ्याचा टीएमए बघून उतरवणारी मुलं आहेत. तुमच्या मुलाला तसं करू देऊ नका, कारण घरी लिहिलेल्या उत्तराला कुणी शिक्षक गुण देतो तो वर्षातला हा एवढाच प्रसंग.

संगतीचाही विचार करा. १४ वर्षांच्या मुलाला दुपारी घरात एकट्याने पुस्तक घेऊन बसणं पहिले दोन महिने आवडतं, तिसऱ्या महिन्यात ते बोलेनासं होतं. माझ्या ओळखीतली एक नृत्य शिकणारी मुलगी रोज दुपारी गावातल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसायची. तिथे स्पर्धा परीक्षा देणारी मोठी मुलं होती. ती मुलं पाच वाजता चहाला उठायची तेव्हा हीही उठायची. एवढ्यानेच तिचं वर्ष तरलं, असं तिची आई सांगते. खेळाचा संघ, अभ्यासिका, एखादा छंदवर्ग, काहीतरी ठरलेलं बाहेरचं ठिकाण असू द्या.

पायरी ९: परीक्षा

परीक्षा शुल्क प्रवेश शुल्कापेक्षा वेगळं असतं आणि ते वेगळ्या तारखांना भरायचं असतं. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला बसता येईल असं समजून गाफील राहणारे दरवर्षी असतात. हॉल तिकीटंही दोन: प्रात्यक्षिकाचं आधी, लेखीचं नंतर. गणितालासुद्धा इथे प्रात्यक्षिक असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात.

लेखी पेपर दुपारी अडीच ते साडेपाच असतात आणि महिन्याभराहून अधिक काळ पसरलेले असतात. दोन पेपरांत चांगलं अंतर मिळतं, पण भर उन्हाळ्यात दुपारी पेपर लिहायचा म्हणजे शेवटचे काही आठवडे सरावही दुपारीच करा.

एखादा विषय राहिला तर घाबरू नका. उत्तीर्ण झालेले विषय तसेच राहतात, राहिलेला पुढच्या फेरीत देता येतो. पाचही विषय एकदम देण्याची सक्ती मुळात नाहीच.

पायरी १०: दहावीनंतरची दोन वर्षं

आता तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, नेहमीच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जाणं. केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात एनआयओएसची मुलंही अर्ज करतात. मूल १५ व्या वर्षी अकरावीत बसेल, एक वर्षाने लहान. बहुतेक मुलांसाठी मी हाच पर्याय सुचवेन. प्रयोगशाळा, मित्र, शिक्षक हे सगळं परत मिळतं आणि दोन वर्षं तशीही थांबायचीच आहेत.

दुसरा, बारावीही एनआयओएसमधून. इथे एक सोय आहे जी जाणकार वापरतात. दोन वर्षांचं अंतर पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त चार विषय देता येतात आणि उरलेला अंतर पूर्ण झाल्यावर. म्हणजे चार विषय पहिल्या वर्षात सोडवून दुसरं वर्ष जवळजवळ मोकळं ठेवता येतं. ज्याला खेळ किंवा कला पुढे न्यायची आहे त्याला हे वरदान आहे. जेईई देणाऱ्याने मात्र सावध राहावं: आयआयटीसाठीच्या जेईई अॅडव्हान्स्डच्या पात्रतेत बारावीला 'पहिल्यांदा बसल्याचं' वर्ष पाहतात. विषय दोन वर्षांत विभागणार असाल तर ती अट शब्दशः वाचा आणि शंका असेल तर आयोजक संस्थेकडून लेखी उत्तर मिळवा. सीए व्हायचं असेल तर फाउंडेशन या पहिल्या परीक्षेची नोंदणी दहावीनंतरच करता येते, परीक्षा बारावीनंतर. हा काळ त्याच्या तयारीला चांगला.

निकालानंतरची कामं

गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि मायग्रेशन (मंडळ बदलताना लागणारा दाखला) हे तीन कागद मिळाले की नाही ते पाहा. डिजिलॉकरमध्येही ते दिसतात, तिथून उतरवून ठेवा, कारण छापील प्रत यायला वेळ लागतो आणि अकरावीचे प्रवेश थांबत नाहीत. राज्य मंडळाच्या महाविद्यालयात जायचं असेल तर इतर मंडळांच्या मुलांकडून मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र मागतात; कुठले कागद लागतील हे महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाच्या आधीच विचारून घ्या. आणि छापील गुणपत्रिका हातात आल्या आल्या नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख पुन्हा एकदा वाचा. दुरुस्तीचा अर्ज जितक्या लवकर जाईल तितकी ती सोपी होते.